गवताच्या खोलीची किल्ली

लिहून ठेवणार संभाजी आबासाहेब जगदाळे, वय अडुसष्ट, धंदा टांगा, राहणार लक्ष्मी गेट, झाशी. दम्याने छाती भरली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली नव्हे, मनाच्या टोचणीने हे मृत्युपत्र गोविंदरावांकडून लिहवितो.

१. घर, तबेला व टांगा माझी बालविधवा कन्या अंबिका हिचा. पुतण्या शिवाजीराव रेल्वेत बाबू आहे. त्याला आजोबांची तलवार द्यावी, घोडी देऊ नये. तो मला म्हणाला होता, "काकाजी, जानवर को रात में कौन खिलाता है?" अशा माणसाने तलवारच सांभाळावी.

२. चंद्री घोडी अंबिकेची. तिला आधी पाणी, मग गवत, चंदी, म्हणजे दाणा, शेवटी आणि थोडीच. घोड्याचे पोट लहान, त्याला रात्रभर थोडे थोडे चघळायला लागते. पहाटेपर्यंत पुरेल इतके गवत पुढ्यात असावे. तिचे दात झिजलेत, म्हणून बारीक कापून घालावे. हे अंबिकेला माझ्याहून चांगले कळते. तरी लिहवितो, कारण पुढचे सांगायला जीभ धजत नाही.

३. एकोणीस वर्षांपूर्वी मी नव्या आगगाडीच्या हौसेने दतियाला लग्नाला गेलो. शेजारी जगन्नाथ गवत चोरतो या संशयाने गवताच्या खोलीला कुलूप घातले होते. घरी चौदा वर्षांची अंबिका एकटी. चंद्रीची आई साळू रात्रभर खिंकाळत राहिली. पोरीने घरभर किल्ली शोधली, सापडली नाही, कुलूप ओढून हात सोलून घेतले, शेवटी मायेपोटी भिजवलेला हरभरा तोबरे भरभरून घातला. सकाळी साळू पोटशूळाने गेली. मी आल्या आल्या मोहल्ल्यासमोर म्हणालो, "किल्ली हरवलीस आणि घोडी मारलीस."

संध्याकाळी बंडी काढली, तर किल्ली माझ्याच खिशातून पडली. ती मी गवतात टाकली आणि दुसऱ्या दिवशी तिला दाखवली, "ही बघ, इथे पाडली होतीस." तिने ती उचलून खुंटीवर टांगली. तेव्हापासून रोज रात्री तीनदा उठून ती खुंटीवरची किल्ली चाचपते. मी खाटेवर जागा असतो, ऐकतो आणि कूस बदलतो.

४. माझे प्रेत उचलण्यापूर्वी हे मोहल्ल्यासमोर मोठ्याने वाचावे. ऐकून अंबिकेला माझे तोंड पाहावेसे वाटले नाही, तर कोणी तिला आग्रह करू नये. कुलूप विहिरीत टाकावे, किल्ली माझ्या चितेवर ठेवावी. त्या खोलीला पुन्हा कुलूप नको.

५. जगन्नाथावर माझा संशय अजून आहे, म्हणून त्याला काही नाही. काही मिळणार नसल्याने साक्षीला तोच योग्य.

६. लिहिता लिहिता सांज झाली. गवताची पाटी घेऊन अंबिका दारात येऊन विचारून गेली, "आबा, किल्ली खुंटीवरच आहे ना?" गोविंदरावांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आहे बेटी, जा." आजही एवढेच बोललो.

निशाणी अंगठा: संभाजी आबासाहेब जगदाळे
लेखक व साक्षीदार: गोविंदराव
साक्षीदार: जगन्नाथ, शेजारी
मुक्काम झाशी, तारीख ९ डिसेंबर १९०९