मोतीरामजींच्या खळ्यातलं जहाज

तीर्थस्वरूप संजीवनीताईस,

वडनेर भोलजीहून धाकट्या जीवनचा अनवाणी नमस्कार. अनवाणी कशासाठी, ते पुढे कळेलच. तुझे गुडघे, भाओजींची शुगर आणि तुमच्या अंगणातला तो नारळ (जो दर खेपेला माझ्याच डोक्याचा नेम धरून फळ टाकतो) हे तिघेही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे थंडी बरी आहे, तूर शेंगांनी वाकली आहे आणि तुझी वहिनी माझ्यावर फक्त सकाळीच रागावते, म्हणजे सगळं उत्तम आहे.

ताई, सर्वांत आधी माझ्यावर चाललेल्या अन्यायाची नोंद घे. गेले दोन महिने मी बुटांच्या लेसा बांधतो आणि सोडतो आहे. सोडतो आणि बांधतो आहे. माणसाचं पोट आणि त्याचे बूट यांच्यात वयाच्या पन्नाशीनंतर जे अंतर पडतं, ते कापून दिवसातून कितीदा खाली जायचं याला काही मर्यादा असावी की नाही? डाव्या बुटाला हमखास निरगाठ बसते. ती सोडवायला मी भिंतीला पाठ लावून एका पायावर उभा राहतो, आणि नेमकी तेव्हाच सातवीची रांग समोरून जाते. चित्रकलेच्या शिक्षकाने बगळ्याचं चित्र काढावं अशी अपेक्षा असते, स्वतः बगळा व्हावं अशी नसते. पण या देशात लेसांचं दुःख कोणी मनावर घेत नाही. मोर्चे निघतात ते दुसऱ्याच गोष्टींसाठी.

तर कारण ऐक. आमच्या शाळेला सी कॅडेट पथक मिळालं आहे. हो, सागरी. पांढरा गणवेश, गोल टोपी, ध्वज, सलामी, सगळं. आमच्या संस्थेचे सचिव कुठल्याशा बैठकीला गेले होते, तिथे पथकं वाटत होते, आणि फुकट मिळणारी वस्तू मागे ठेवून येणं त्यांच्या स्वभावात नाही. जवळपास समुद्र आहे का, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. पथक आलं तेव्हा प्रमुख कोणाला करायचं असा प्रश्न निघाला. मुख्याध्यापक म्हणाले की, जीवन सरांची बहीण समुद्राकाठी दिली आहे. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. म्हणजे मूळ दोष तुझ्याच लग्नाचा आहे.

सराव करायचा तर जहाज हवं. जहाज म्हणजे जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखलेलं. ते काम माझंच. पण शाळेचं मैदान नळयोजनेच्या पाइपांसाठी खोदून ठेवलं आहे, आणि उरलेल्या काळ्या मातीला अशा भेगा पडल्या आहेत की एखादा बुटका कॅडेट आत गेला तर हजेरीतच सापडायचा. सपाट, टणक जागा गावात एकच : शाळेच्या कुंपणाला लागून असलेलं मोतीरामजींचं खळं. आता सगळ्यांची मळणी यंत्रात होते, पण मोतीरामजी घरच्यापुरती तूर अजून खळ्यातच काढतात. दरवर्षी ठोकून, शेणाने सारवून ते आरशासारखं ठेवतात. मधोमध बैल फिरवायचा खांब, ती मेढ, तीही शाबूत. मी पाहताक्षणी ओळखलं, की ही तर आपली डोलकाठी उभीच आहे! ध्वजाची दोरी तेवढी बांधायची.

मोतीरामजींनी खळं आनंदाने दिलं. अट एकच. "माह्या बापानं खळ्यात कधी पायताण नाही आणलं, मास्तर. तं तुमचा मंत्री येऊ द्या नाही तं संत्री, जोडा भाईर. अन् तूर खळ्यात याच्या आंधी माह्यं खळं होतं तसं करून द्या." मी दोन्ही गोष्टींना लगेच हो म्हटलं. (हो म्हणायला काय जातं, हे तत्त्व मी शिक्षण खात्याकडून शिकलो.) त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई मात्र भिंतीआडून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन हो मास्तर, नळाले आठ दिवसाआड पाणी येते, अन् तुम्ही जहाज आणून राह्यले?" मी बूट काढले आणि पावलांनी जहाजाची लांबी मोजायला लागलो.

मग ताई, जहाज सुरू झालं. तुला वाटेल पोरांचा खेळ, पण यात प्रत्येकाला हुद्दा असतो. पाहुणा जहाजावर चढताना लांब शिट्टी वाजवायची, ते काम धम्मरत्नकडे (त्याच्या शिट्टीने गल्लीतल्या दोन घरांचा गॅस बारीक होतो). एकजण घंटेवर. एकजण पुढच्या टोकाशी टेहळणीला; तो सातपुड्याकडे डोळे लावून उभा राहतो आणि दर थोड्या वेळाने "उजव्या अंगाला म्हशी, सर!" अशी वर्दी देतो. जहाजाच्या मागच्या भागाला पाऊल लावताना सलाम करायचा असतो, कारण ती जहाजातली देवघराची जागा. आणि परवानगी विचारल्याशिवाय कोणी चढायचं नाही. हे शिकवायला मी आठवडा राखून ठेवला होता, पण गावाला ते आधीच येत होतं. पीठगिरणीकडे जाणाऱ्या बाया खळ्याच्या काठावर चपला काढून हातात घेत आणि विचारत, "येऊ का जी मधातून?" सलामाचं तेवढं शिकवावं लागलं. आता डोक्यावर दळण घेतलेल्या बायाही एक हात सोडून सलाम करतात.

सगळ्यांत मोठा हुद्दा मानवंदनेच्या तुकडीच्या कमांडरचा. तो सईद टेलरच्या उमैमाला मिळाला. नववीतली पोरगी, शरीराने काडी, पण "सावधान" म्हणाली की समोरच्या टपरीवर चहा पिणारे रिकामटेकडे ताठ होतात. सगळे गणवेश तिच्या बापाने शिवले, शेवटचा तिचा, आणि त्याला खिसा दोनदा उसवून पुन्हा लावला. ही पोरगी मळ्याच्या बांधावर भाजीच्या वाफ्यांना सावधान करून सराव करायची. पण सचिवांच्या पुतण्यालाही कमांडर व्हायचं होतं, आणि मुख्याध्यापक तिला रोज आठवण करून द्यायचे की वार्षिक तपासणीच्या दिवशी एक चूक झाली की तलवार पुतण्याकडे जाईल. (तलवार लाकडी आहे; वर्ख मी लावला.)

अडचण अशी, की कवायतीत टाचेला गुण असतात. "सावधान" म्हटल्यावर सगळे बूट एकदम खट् वाजले पाहिजेत. आणि आम्ही अनवाणी. अनवाणी टाच सारवलेल्या जमिनीवर आपटली की आवाज येतो थप्. पहिल्याच दिवशी मनकर्णाबाई भिंतीवरून डोकावल्या. "लेकरं भाकरी थापून राह्यली का हो?" म्हणून मी निम्मा सराव शाळेच्या ओट्यावर बुटांनी आणि निम्मा खळ्यात बुटांविना ठेवला. बूट घाला, बूट काढा. माझ्या लेसांचं दुखणं ते हेच.

तपासणीला नौदलातून निवृत्त झालेले एक कमांडर साहेब येणार होते. त्यांचा शेरा वाईट आला तर पथक दुसऱ्या शाळेला जाणार, हे ठरलेलं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, पाहुण्यांना काय खळ्याकाठी चपला काढायला लावणार का? मी शहाण्यासारखी मान हलवली आणि वाईट उपाय शोधला. त्याच दिवशी नांदुऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीरामजींना मी मोठ्या काळजीने म्हटलं, तुमचे डोळे एकदा दाखवून याच. गाडीही करून दिली. म्हणजे म्हातारा बाहेर, बूट आत. पोरांना सांगितलं, आज सगळे बुटांनी.

पण शिबिरातला नंबर लवकर लागला, ताई. पाहुणे यायच्या आधीच मोतीरामजी परत आले, डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या ताटाएवढ्या, वर हिरवा चष्मा. समोरचा माणूस आहे की खांब, हे कळत नव्हतं. नातवाचा हात धरून ते चपला काढून खळ्याच्या कडेला बसले. "दिसत तं नाही, पण आयकतो," म्हणाले. पोरं खळ्याबाहेर बुटांत उभी. मी उमैमाजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, काही काळजी नाही, त्यांना काही दिसत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. ताई, मी तपासणी अधिकारी पाहिले, सासरे पाहिले, पण माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

"दिसत नाही म्हणून का, सर?" ती म्हणाली. "आपण जबान दिली ना आजोबाले."

मी म्हटलं, तलवार जाईल गं. तिने तलवारीच्या वर्खावरून एकदा अंगठा फिरवला. मग ती वळली, आणि कवायतीच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला हुकूम तिने दिला : "परेड, जूते... उतार!" बावीस पोरं एकदम वाकली, एकदम उठली. बूट काठावर एका रेषेत. इतकी सरळ रेष मी फळ्यावर पट्टी लावूनही काढलेली नाही. त्यांच्या शेवटी माझे बूट, कारण मीही वाकलो. (निरगाठ तेव्हाही होतीच.)

एवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांच्या बुटांत तोंड दिसत होतं. मुख्याध्यापकांनी त्यात पाहून आपला भांगही नीट केला. धम्मरत्नने शिट्टी फुंकली. साहेबांनी जहाजाच्या वाटेवर पाय उचलला, आणि उमैमा आडवी आली. तलवारीने सलाम, आवाज खणखणीत : "सर, या जहाजावर बूट घालून चढायला परवानगी नाही, सर!" मुख्याध्यापकांनी माझा दंड धरला, तो आजही निळा आहे. साहेब थांबले. त्यांनी बुटांची रांग पाहिली, मेढीवरचा ध्वज पाहिला, कडेला कान टवकारून बसलेला म्हातारा पाहिला. म्हणाले, "नियम कोणाचा?" ती म्हणाली, "जहाजाच्या मालकाचा, सर." साहेब म्हणाले, "मग प्रश्नच नाही," आणि खाली वाकले. त्यांनाही वाकायला वेळ लागला, हे पाहून मला फार बरं वाटलं. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बावीस पोरांनी तो पाहिला आणि एकही हसलं नाही; कवायत म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मग तिने "सावधान" दिलं. थप्. एकच. मोतीरामजी हिरव्या चष्म्याआड हसले आणि शेजारच्या हवेला (त्यांना ती मनकर्णाबाई वाटली) म्हणाले, "आयकलं का? एकाच्याही पायात नाही."

साहेब रांगेतून फिरले. त्यांनी विचारलं, समुद्र कोणीकोणी पाहिला आहे? बावीस पोरं एका सुरात : "नाही, सर!" एवढं एकसारखं उत्तर वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला आलेलं नव्हतं. साहेब जरा वेळ अंगठ्याकडे बघत राहिले. जाताना म्हणाले, इतका स्वच्छ डेक मी पाहिला नाही, कशाने धुता? मोतीरामजींनी सांगितलं, "शेणानं." साहेबांनी तेही सलाम करून ऐकून घेतलं. पथक राहिलं. तलवारही राहिली, साहेबांनी स्वतःच्या हाताने उमैमाला परत दिली, तेव्हा पुतण्याच्या काकांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

तेव्हा ताई, समुद्रावाचून काही अडत नाही, हे आम्ही सिद्ध केलं आहे. तुम्ही तिकडे त्या एवढ्या पाण्याचं काय करता कोण जाणे. भाओजींना नमस्कार, नारळाला इशारा.

तुझा,
जीवन

ता. क. वरचं समुद्राविषयीचं वाक्य खोडायचं राहिलं. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की बावीस पोरं, मी आणि सईदभाई (शिलाई मशीन न आणण्याच्या अटीवर) समुद्र पाहायला येतो आहोत. पालकांना मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. तो तुझा दिला. घाबरू नकोस, अंगणात झोपतील, शिस्तीची पोरं आहेत. नारळाखाली मी झोपेन. आणि दारात बुटांची सरळ रांग दिसली तर हलवू नकोस.

दुसरा ता. क. पत्र टाकायचं दोन दिवस राहिलं, कारण हाताला शेणाचा वास होता. शनिवारी मोतीरामजी भेटले, म्हणाले, "डोये बरे झाले, मास्तर. मले धाडलं, मोठं पुण्य केलं." मनकर्णाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं नव्हतं. म्हणून रविवारी कोणालाच न सांगता मी बादली घेऊन खळ्यावर गेलो आणि सारवायला बसलो. मनकर्णाबाई भिंतीवरून "हात गोल फिरवा, चित्र नका काढू" असं सांगत होत्या. जहाज हळूहळू पुसत गेलं. आधी पुढचं टोक, मग घंटेची जागा. मागचा भाग तेवढा राहिला असताना मोतीरामजी आले. चपला काढून हातात घेतल्या, काठावर उभे राहिले, आणि स्वतःच्याच खळ्यावर त्यांनी मला विचारलं, "मास्तर, येऊ का वरते?"

मी म्हटलं, "थांबा जरा, डेक ओला आहे."

ते काठावर बसून राहिले. मी उरलेला भाग सारवून घेतला.