आवणीची सुट्टी

बा,

तू होतास तेव्हा माझं पत्र तुला मास्तरांकडून वाचून घ्यावं लागायचं, आणि मास्तर ते साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे. त्यामुळे 'मी खुशाल आहे' यापलीकडे मी कधी गेलो नाही. आता वाचणारंच कोणी नाही, तर म्हटलं, एकदा मोकळेपणानं लिहावं. निमित्त माझ्या नातीचं. परवा तिला कॉलेजच्या वसतिगृहात सोडून आलो. पोरगी आत गेली ती मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. मी पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा किती वेळा मागं बघितलं होतं, ते तुला ठाऊकच आहे.

पुण्यात माझं काही म्हणता काही जमेना. लढाई चालू होती, तांदूळ रेशनवर होता. खानावळीत आधी ज्वारीची भाकरी यायची. मला वाटायचं, ही आपली तोंडी लावायला, जेवण म्हणजे भात. म्हणून अर्धी भाकरी खाऊन मी पोटात जागा ठेवून बसायचो. मग भात यायचा तो तान्ह्याच्या उष्टावणाला वाढावा एवढा, आणि तोवर भाकरीवाला पुढं निघून गेलेला. तोंड उघडलं तर आणखी पंचाईत. मी 'नाय' म्हटलं की समोरचे एकमेकांकडे बघून डोळे मिचकावणार. शेवटी मी बोलणंच सोडलं. वर्गात इंग्रजी डोक्यावरून जायचं ते वेगळंच. एकाच आशेवर तग धरून होतो, ती म्हणजे आवणी. आपल्याकडे भातलावणीचे दिवस आले की शाळेत मास्तर आणि फळा एवढेच उरायचे, तेव्हा कॉलेजातही तसंच असणार असं मी धरून चाललो होतो. कचेरीत जाऊन कारकुनाला विचारलं, "आवणीची सुट्टी कधीपासून?" त्याला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा त्यानं शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं आणि मला पुन्हा विचारायला लावलं. त्याच दुपारी मी वळकटी बांधून गाडीत बसलो, आणि घाट उतरताना ठरवून टाकलं की हा घाट पुन्हा चढायचा नाही.

कर्जतला उतरून चालत मी शेतावर येतो, तेव्हा तू गुडघाभर चिखलात वाकलेला आहेस. मान वर करतोस. "जेवलास का रं?" एवढंच विचारतोस आणि रोपांची एक मूठ माझ्याकडे फेकतोस. दिवस मावळेस्तोवर मी लावत राहतो. पाठ मोडून येते, पण इतका सुखी मी त्या साऱ्या महिन्यात झालेलो नसतो. संध्याकाळी आय परातभर भात वाढते, वर वालाचं बिरडं. जेवता जेवता मी सांगून टाकतो, "बा, मी परत जात नाय." आयचा वाढता हात तसाच राहिला आणि तिनं तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "जेव आधी." मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकीच्या शेतात सावड होती. आज साऱ्या आळीनं एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. ज्या घरचे जेवढे हात येतील तेवढे त्या घराला परत मिळायचे. मी तुझ्या मागोमाग गेलो आणि रांगेत शिरलो. काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरं, तू कसा हितं? तुजा बा तर पावसाआधी दारोदार फिरला. म्हनला, पोरगा शिकून होईस्तवर माज्या घरचा एक हात कमी येल, पन माज्या शेतावर तुमी कमी येऊ नका. असं सावडीत कोन मागतं का रं?"

"मग तुमी काय म्हनलात?"

"काय म्हननार! आमी व्हय म्हनलं."

ज्या माणसानं कधी कुणाकडे विळासुद्धा उसना मागितला नाही, तो माझ्यासाठी दारोदार उभा राहिला होता. आणि मला तू त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतंस. तू मान खालीच ठेवून लावत होतास. तशाच वाकलेल्या अंगानं म्हणालास, "वर हो. तुजी जागा नाय हितं."

काकी हळूच म्हणाली, "बोलतोय तो बोलू दे. तुजा हात आमी भरून काढतोय, तू तितं पुन्याला ऱ्हा."

मी बांधावर बसून रडलो, बा. आधी अपमानानं रडलो, मग कशानं ते मलाही सांगता येणार नाही. समोर आळीची आळी पावसात वाकलेली होती आणि त्यात माझ्या वाटचं काम वाटून गेलेलं होतं. आता कॉलेज सोडायचं तर एकट्या तुला सांगून भागणार नव्हतं. प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन तुझा शब्द परत घ्यावा लागला असता, आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू मला पोचवायला कर्जतला आलास. घाटासाठी गाडीला मागून इंजिन जोडत होते, ते तू लहान मुलासारखा बघत राहिलास. मग म्हणालास, "तितल्यांसारखं बोल, तितल्यांसारखं खा. हितं आलास की आपलं हायच." तेवढ्या बोलण्यावर मी ते वर्ष काढलं. दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडू लागलो, उन्हाळ्यात पास होऊन आलो. पुढं जन्मभर दुसऱ्यांची पोरं शिकवली. साऱ्या आळीनं तुझा शब्द शेवटपर्यंत पाळला, आणि त्यांच्या जिवावर मी माणसांत आलो. तू मला वर हो म्हणालास ते बरोबरच होतं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

पण गाडी सुटायला बराच वेळ होता, बा. इंजिन जोडून झालं, तू खिडकीचे गज धरून उभा होतास. मी गेलोच असतो. तरी तू एकदा "ऱ्हातोस का रं?" म्हणावंस, असं मला वाटत होतं. अजून वाटतं.