सप्तापूरच्या स्वयंपाकघरातला प्रवचनवर्ग

मी, तानूबाई, कै. पाळक सदाशिव भंडारे यांची पत्नी, वय सत्तरीच्या घरात, पूर्वीचा व्यवसाय मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार सप्तापूर, धारवाड, आज हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझे पाय सुजले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने शेजारचे वकील राघवेंद्रराव कट्टी यांना विचारावे. मी सांगते, ते लिहितात, आणि मी भलतीकडे वळले की ते टाक खाली ठेवून माझी वाट पाहतात. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने मी हे करत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. देवाने बोलावले की जायचेच आहे, पण घर झाडून जावे असे मला वाटते.

कलम १. सप्तापुरातील दोन खोल्या, पडवी, स्वयंपाकघर व मागील आड असे कौलारू घर माझ्या यजमानांनी स्वकष्टाने बांधले व माझ्या नावे केले. त्यावर मिशनच्या मंडळाचा किंवा अन्य कोणाचा हक्क नाही. या घरात यजमानांनी व त्यांच्यामागे मी, खेड्यापाड्यांतल्या होतकरू ख्रिस्ती पाळकांना प्रवचन करायला शिकवण्याचा वर्ग चालवला. यजमान पडवीत शास्त्रपाठाचा अर्थ आणि मुद्द्यांची मांडणी शिकवीत. शनिवारी सकाळी प्रत्येकाने उद्याचे प्रवचन घेऊन स्वयंपाकघरात यायचे आणि मी सुपात जोंधळे निवडत असताना मला ऐकवायचे. माझे हात थांबले तर प्रवचन जमले. नाही थांबले तर स्वारी परत पडवीत. यजमान म्हणत, "बायबलाचे ग्रीक मी शिकवतो, पण जोंधळ्यापुढे ग्रीक चालत नाही."

नव्या मुलांना याचा राग येई. एक जण म्हणालाच, "अक्का, सूप जरा बाजूला ठेवा की." मी म्हटले, "देवळात बायका रडकं पोर मांडीवर घेऊन बसतात. त्यांना सांगशील का, पोर बाजूला ठेवा म्हणून?" पुढे तो चांगला बोलू लागला.

कलम २. सदरहू घर, आतील भांडीकुंडी, बाके व पुस्तके यांसह, मी भीमसेन येशुदास, राहणार अळणावर, यास देत आहे. तो सध्या लाकडाच्या वखारीत कारकुनी करतो. वखारवाल्यांना त्याचा उपयोग असेल. मला त्याच्या तिथे असण्याचा त्रास होतो.

हा पहिल्या शनिवारी हरवलेले नाणे घर झाडून शोधणाऱ्या बाईच्या, येशूने सांगितलेल्या दृष्टांतावर कागद वाचू लागला. पश्चात्ताप, अनुग्रह, सगळे जागच्या जागी होते आणि माझे हात भराभर चालले होते. शेवटी त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, कानातलं एकदा उकिरड्यात पडलं, अक्का. दिवस मावळेपर्यंत राख चाळत बसली. सापडल्यावर सगळ्या गल्लीला गूळ वाटला तिनं. कानातल्याहून गूळच महाग पडला." माझे हात केव्हा थांबले ते मला कळले नाही. मी यजमानांना हाक मारली आणि सांगितले, "हा बोलतो." असे मी पुन्हा कोणाबद्दल सांगितले नाही.

कलम ३. यात काही द्यायचे नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून वकिलांनी लिहावे. भीमसेनाची पत्नी कुसुमावती माझ्या शाळेतली. तिचे लग्न याच पडवीत लागले. पाच वर्षांपूर्वी, तापाची साथ चालू असताना, ती बाळंतपणात गेली आणि मूलही गेले. दफनाला हुबळीहून पाळक दत्तात्रेय मनोहर आला. तोही याच वर्गातला. त्याने खिशातून एक जुने प्रवचन काढले. ते त्याने कधीतरी एका म्हाताऱ्या बाईसाठी लिहिले होते. नाव तेवढे बदलून तो वाचू लागला आणि म्हणाला, "या भगिनीने आपल्या लेकरांना व नातवंडांना देवाच्या भयात वाढवले." पेटीत कुसुमच्या कुशीत तिचे न रडलेले मूल होते.

भीमसेनाने रुमाल डोक्याला बांधला आणि तो फाटकाबाहेर निघून गेला. तेव्हापासून तो व्यासपीठावर चढलेला नाही. मी अळणावरला जाऊन त्याला समजावले. तो म्हणाला, "आगूदिल्ल, अक्का. नाही व्हायचं माझ्याच्यानं. ज्या जागेवरनं असं बोलता येतंय, त्या जागी मी उभा राहणार नाही." त्याने मला चहा करून दिला, स्टेशनपर्यंत पोहोचवले आणि गाडी हलेपर्यंत खिडकी धरून उभा राहिला. मला मूलबाळ नाही. पण पोटच्या पोराला असे मुके झालेले पाहणे म्हणजे काय, ते मला त्या खिडकीत कळले.

कलम ४. वर्ग चालला, तर त्यात एक नियम पाळावा. मयताच्या घरी जाऊन, चटईवर बसून, त्यांच्या हातचे पाणी पिऊन आल्याशिवाय कोणीही दफनाचे प्रवचन तयार करू नये. मंडळाच्या कचेरीतून छापील प्रवचनांचे गठ्ठे येतात. पाळकांनी आता तीच वाचून दाखवावीत, वर्ग कशाला हवा, असेही त्यांचे म्हणणे आहे. ते गठ्ठे माळ्यावर आहेत. उंदरांची त्याबद्दल तक्रार नाही, तेव्हा ते तिथेच राहू द्यावेत.

कलम ५. दत्तात्रेयाशी मी एवढी वर्षे धड बोलले नाही. त्याच आठवड्यात त्याने स्वतःचा धाकटा भाऊ पुरला होता, आणि त्या दिवशी कुसुमच्या आधी तो आणखी दोन दफने उरकून आला होता, हे मला मागाहून कळले. कळल्यावरही माझा राग गेला नाही. तो दर नाताळात केळी घेऊन येतो, फाटकाशी उभा राहतो आणि मी आत ये म्हणत नाही. माझा हा राग मी या कलमान्वये रद्द करते. वकील म्हणतात, राग ही मिळकत नव्हे, तो लेखी रद्द करण्याची गरज नाही. त्यांना नसेल, मला आहे. माझ्या यजमानांचा काळा लोकरी कोट मी दत्तात्रेयास देते. तो त्याने दफनाच्या दिवशी घालावा आणि त्याच्या खिशात कागद ठेवू नये. यंदा नाताळपर्यंत जगले, तर त्याला मी स्वतः आत बोलावीन.

कलम ६. यजमानांचा पुतण्या हणमंत, याचे हुबळीत कोप्पीकर रोडवर कापडाचे दुकान आहे. घर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यासारखे आहे, हे तो मला चहा पिता पिता नेहमी सुचवतो आणि भिंती नजरेने मोजतो. त्याला घर मिळणार नाही. पण यजमान अंथरुणाला खिळले होते तेव्हा हुबळीहून औषध घेऊन तोच यायचा, पावसापाण्यात, न कुरकुरता. सबब शिसवी पलंग व भिंतीवरचे घड्याळ त्याचे. पोस्टातली शिल्लक वर्गातल्या मुलांच्या जेवणाखाण्यास लावावी. या सर्वांची व्यवस्था राघवेंद्ररावांनी पाहावी.

कलम ७. वकिलांनी विचारले, "भीमसेन पुन्हा प्रवचन करील तरच घर त्याला, अशी अट घालू का, बाई?" मी नको म्हटले. अट घातली तर माणूस उभा राहील, बोलणार नाही. त्याने वर्ग चालवला नाही, वखारीतच राहिला, इथे नुसता झोपायला आला, तरी घर त्याचेच आहे. त्याला कोणी काही म्हणू नये.

कलम ८. माझ्या दफनाच्या वेळी कोणीही काही लिहून आणून वाचू नये. दफनभूमीत कुसुमावतीच्या शेजारची जागा मी आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांकडून मागून घेतली आहे. माझ्याबद्दल बोलण्यासारखे फार नाही. शिकवले, रागावले, जेवायला घातले.

भीमसेना, हे तुला. आज्ञा नव्हे, विनंती आहे. लोक माझ्यासाठी जमतील. त्या निमित्ताने कुसुमजवळही इतक्या वर्षांनी चार माणसे उभी राहतील. माझे दोन वाक्यांत आटोप. मग डावीकडे वळ आणि तिचे प्रवचन कर, बाळा. ते अजून व्हायचे आहे. शब्द आले नाहीत तर तिचे नाव घे, मुलाला जे नाव ठेवणार होतात तेही घे, आणि आमेन म्हण. दत्तात्रेयाने तुझ्याजवळ उभे राहून ऐकावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून शेजारी बसलेल्या दोघांच्या देखत खाली नाव घालते.

तानूबाई सदाशिव भंडारे

मुक्काम सप्तापूर, धारवाड. तारीख ९ नोव्हेंबर १९३७.

बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:

राघवेंद्र कट्टी, वकील, सप्तापूर
वेणूबाई देसाई, निवृत्त शिक्षिका, धारवाड