उत्तरेच्या भिंतीवरचा सातवा चेहरा

ऑल्डरबेक, यॉर्कशर
४ मे १९७८

चि. सौ. म्युरिएल हिस,
अनेक आशीर्वाद.

नासक्या दुधाची ती बादली तुला आठवते का? मेटकाफांच्या गोठ्यातून आपण दोघी ती मठापर्यंत न्यायचो, कडी एका बाजूने तुझ्या हातात, दुसऱ्या बाजूने माझ्या. एकदा तू अर्धी बादली मोज्यांवर सांडलीस आणि वासापायी सिस्टर बेनेडिक्टांनी तुला दिवसभर वर्गाच्या दारात बसवलं. तू पाच वर्षांची होतीस. ते दूध कशाला लागतं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सत्तेचाळीस वर्षं सांगितलं नाही. आज सांगते.

मठाच्या भोजनशाळेत उत्तरेच्या भिंतीवर नऊ तोडे आहेत, छताच्या तुळया पेलायला भिंतीतून पुढे काढलेले दगड, प्रत्येकावर एकेक दगडी चेहरा. चारशे वर्षांमागे राजाने मठ मोडला, छपराचं शिसं वितळवून नेलं, गावाने कोरीव दगड पळवून डुकरांना घरं बांधली. हे नऊजण उंचावर होते म्हणून वाचले. १९३१च्या थंडीत सातवा सैल झाला. बाबा तेव्हा जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याचे गवंडी. त्याला खाली उतरवताना दोर बाबांच्या हातून सुटला आणि सातशे वर्षांचं ते तोंड फरशीवर फुटलं. खात्याचा नियम असा की तिथे साधा दगड बसवायचा आणि त्यावर साल कोरायचं, म्हणजे जुन्यानव्याची गल्लत नको. बाबांनी तसं केलं नाही. आईला जाऊन चार महिने झाले होते. त्यांनी नव्या दगडात आई कोरली. शेवाळ लवकर धरावं म्हणून वरून शेण आणि नासकं दूध फासलं, आणि साल कोरलं नाही.

आता खात्याचे नवे अधिकारी मिस्टर गार्साइड यांनी लिहिलंय की सातवा चेहरा हे या मठातलं सर्वांत सुंदर काम, कुणा अनामिक साधूच्या हातचं. तो जूनमध्ये काढून संग्रहालयात काचेत ठेवणार आहेत. मला वाटतं, खरं सांगावं. बाबा तुझेही होते, म्हणून आधी तुला विचारते.

रॉजरचा खोकला कसा आहे? माझ्या भाच्याला आशीर्वाद.

तुझी,
एनिड

ब्रिस्टल
११ मे १९७८

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. डेरेकला वाटलं, कुणीतरी गेलं.

ताई, गप्प राहा. शाळेतही पापं सांगायच्या रांगेत तू पहिली असायचीस, आणि आपली संपली की माझी सांगून यायचीस. बाबांनी त्या भिंतींना चाळीस वर्षं चुना भरला. फाटकाशी त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे. तू तोंड उघडलंस की ते लबाड ठरतील आणि पाटी जाईल. साडेसातशे वर्षांच्या मठात एक दगड सत्तेचाळीस वर्षांचा निघाला तर कुणाचं काय बिघडलं?

आणखी एक. मला आई आठवत नाही. एप्रन आठवतो, त्याला लागलेलं पीठ आठवतं, त्याच्या वर काही नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत तोंडावर हॅटची सावली आहे. त्या भिंतीखाली बसून मी शंभर वेळा पाव खाल्ला असेन आणि मला कुणी मान वर कर म्हणालं नाही. तू मात्र दर रविवारी तिला भेटत होतीस. आता ती काचेत जाते आहे तर जाऊ दे, पावसाने झिजणार तरी नाही.

रॉजरचा खोकला बरा आहे. तुझ्यावर रागावले आहे, तरी गुडघ्यांना जप.

तुझी,
म्युरिएल

ऑल्डरबेक
२० जून १९७८

चि. सौ. म्युरिएल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं न ऐकता मी बोलले. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुला निवांत रागाने वाचता येईल.

मिस्टर गार्साइड काचेखाली लावायचा मजकूर दाखवायला घरी आले होते. गप्पच राहायचं ठरवून मी आल्याचा केक कापत होते. त्यांनी मजकूर वाचला आणि म्हणाले की कोरणाऱ्याचा त्या साधूवर फार जीव असावा. मी सुरी खाली ठेवली. "तो साधू नाही. ती माझी आई आहे, हॅना थॅकरे."

बाईंचं वय झालं असं त्यांना वाटलं. मग मी बाबांची दातेरी छिन्नी काढून दिली. तिचा तिसरा दात तुटका आहे. ती घेऊन ते मठातल्या परांचीवर चढले आणि आईच्या कानामागच्या ओरखड्यांना लावून पाहिली. उतरायला त्यांनी बराच वेळ घेतला. खाली आल्यावर पहिला प्रश्न, शेवाळासाठी काय वापरलं होतं.

तू म्हणालीस तसंच झालं. पाटी काढून माझ्या हाती दिली, फाटकाशी चार भोकं राहिली आहेत. दुकानात मिसेस मेटकाफ सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुझा बाप ठकसेन निघाला, आणि पैसे न घेता सहा अंडी माझ्या पिशवीत ठेवली. घरी येऊन मी रडले. बाबांची क्षमा मागितली. तुझीही मागते.

पण संग्रहालयाला आता ती नको आहे. आणि खात्याचा नियम असा की मागाहून झालेली दुरुस्ती साल घालून जागच्या जागी ठेवायची. सोमवारी त्यांच्या गवंड्याने हनुवटीखाली १९३१ कोरलं. आई भिंतीवरच राहणार, वाऱ्यापावसात. काचेत ती टिकली असती खरी, पण कुणा परक्या साधूच्या नावाने. माझ्याने ते झालं नाही.

चार दिवस अबोला धर हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
एनिड

ता. क. ऑक्टोबरात मी हे घर सोडून यॉर्कला सिस्टरांकडे राहायला जाणार, जिना आता चढवत नाही. तेव्हा लिहून ठेवते. दातेरी छिन्नी मिस्टर गार्साइडना, त्यांनी मागितली आहे. बाकीची हत्यारं रॉजरला, तेल लावून ठेवायच्या अटीवर. पितळी पाटी तुझ्या घरी, भिंतीवर लाव, कपाटात नको. आईचा चेहरा कुणालाच नाही. बाबांची दुर्बीण तुला. ती पोस्टाने पाठवणार नाही, इथे येऊन घे. भोजनशाळेच्या दक्षिणेच्या दारात सकाळी अकराला उभी राहा, आई उजवीकडून तिसरी. त्या वेळी तिच्या तोंडावर ऊन असतं.