तात्या, इराला मी खोटं सांगितलं

प्रिय तात्या,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण आज मी तुम्हाला नाकारलं.

दुपारी इथं सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटवर पोलीस आला. खालून कुणाची तरी सायकल गेली होती, म्हणून तो दारोदार चौकशी करत होता. इतकंच! आणि मी काय केलं? त्यानं तोंड उघडायच्या आत आम्हा नवरा-बायकोचे आणि इराचे इथं राहण्याचे पास आणि पासपोर्ट टेबलावर मांडले, सकाळपासून कोण कुठे होतं ते घडाघडा सांगितलं. तो बिचारा गोंधळून निघून गेला. मी मात्र ते पास पुन्हा पुन्हा मोजत बसले.

हे तुमच्याकडूनच आलं ना? गावात चोरी झाली की बोलावणं यायच्या आत तुम्ही स्वतःच चौकीवर जायचात. आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची. चोरी केली नाही, मग जाता कशाला, असं मी विचारायचे.

"पारधी आहोत. आपणहून गेलं की मार कमी बसतो," तुम्ही म्हणायचात.

अजून राग येतो मला तुमचा. एकदा तरी घरी बसायचं होतंत!

तुमचा जन्म तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतला. आपल्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा गेला, तार निघाली. पोलीस मात्र आपल्याच वस्तीवर येत राहिले.

तुमची नात इरा आता तेरा वर्षांची आहे. शाळेत ती अमेरिकेबद्दल शिकते आहे. गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसांना बिनकामाचे फिरतात म्हणून पकडायचे आणि कैदी म्हणून पुन्हा शेतांत राबवायचे. आजही तिथल्या तुरुंगांत त्यांचीच गर्दी. पोलीस गेल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली.

"व्हाय यू सो स्केअर्ड, आई? आपल्या लोकांना पण असं पकडायचे का?"

"नाही," मी म्हटलं. "आपला काय संबंध?"

इथं मराठी माणूस भेटला की विचारतो, पवार म्हणजे कुठले? मी गावाचं नाव सांगते आणि जात त्याची त्याला ठरवू देते. कळलं तर हळदीकुंकवाला बोलावतील? त्यांच्या घरातलं काही हरवलं, तर आधी इराकडे बघतील?

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये तोच पोलीस पुन्हा दिसला. मी काही बोलले नव्हते, तरी इरानं कपाटातून आपला पास काढला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तेव्हा मला खरी भीती वाटली, तात्या.

उद्या शाळेत जायच्या आधी तिला समोर बसवून सांगेन, तिचे आजोबा कोण होते, आणि त्यांनी कधीच काही चोरलं नव्हतं. माझा आवाज कापेल. तरी सांगेन.

तुमची लेक,
सुनंदा