मिशीचे शेवटचे तीन मणी

बाई, दोन जाती आहेत. एक नाही, दोन! आज दुपारी सिल्वासातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी अशी ओरडले, की शिपाई धावत आला. त्याला वाटलं, ॲसिड सांडलं. तुमच्या पेटीतला 'पहिला' भुंगेरा आणि 'दुसरा' भुंगेरा, दोघांना कोमट पाण्यात भिजवून मी सुईने उघडलं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा जीव. नराचं जननेंद्रिय पाहिलं. पहिल्याचं सरळ, टोकाला दुभंगलेलं. दुसऱ्याचं आकड्यासारखं वळलेलं. ते वेगळं म्हणजे जातच वेगळी, आता वाद घालायला जागाच नाही. दहावीत तुम्ही 'जननेंद्रिय' हा शब्द फळ्यावर लिहिलात तेव्हा आम्ही मुली ओढणीत तोंड खुपसून खिदळलो होतो. "हसा, हसा. हसून भुंगेरा ओळखता येत नाही," म्हणाला होतात.

डोळ्यांसमोर अजून दहावीतलं ते वर्ष आहे : टोकरखाड्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात रविवारची सकाळ आहे. अथालच्या बांबूखालचा पालापाचोळा तुम्ही पिठाच्या चाळणीने वर्तमानपत्रावर चाळताय. नरोलीच्या खोलीत माझी आई हे ऐकून कपाळाला हात लावते, "तुनी बाई पीठनी चाळणीमा कचरा चाळस?" स्वयंपाकघरात तुम्ही मला भिंगाखाली मिशांचे मण्यांसारखे भाग मोजायला बसवता. मी रंग सांगितला की टपली बसते. "रंगाचं काय घेऊन बसलीस? मणी मोज." एकाच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकदम फुगलेले, दुसऱ्याची मिशी हळूहळू जाड होत गेलेली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून त्यापुढचं दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही दोन्हींचा एकेक नमुना बाहेरगावच्या तज्ज्ञांना पाठवायचं ठरवलंत. डबी भरायचं काम मला दिलंत.

उत्तर आलं : दोन्ही एकच, मिशा पुन्हा मोजाव्यात. तुम्ही पत्राची घडी घातलीत, चष्मा पुसलात. "डोळे गेले गं माझे," एवढंच बोललात. त्यानंतर नऊ वर्षं जगलात, पण एकही भुंगेरा गोळा केला नाहीत.

तुमचे डोळे चांगले होते, बाई. डबी भरताना धूळ उडवायला मी नमुना चिकटवलेल्या कार्डावर फुंकर मारली आणि 'दुसरा' उडाला. फरशीवर रांगून शोधला, सापडला नाही. पेटीत 'दुसरे' मोजून चार उरलेले, त्यातला एक घेतला असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं. 'पहिले' ढीगभर होते. त्यातलाच एक उचलला आणि रिकाम्या कार्डावर चिकटवला. एवढ्याशा जिवात कोणाला काय कळतंय, असं वाटलं. तज्ज्ञांनी जे पाहिलं ते बरोबरच सांगितलं.

आज आनंद गगनात मावत नाही आणि त्याच वेळी तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटतेय. अहवाल तयार आहे, चित्रं काढून झाली, शोधणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलंय. फक्त 'पूर्वी तपासलेले नमुने' या मथळ्याखाली मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. इथे सगळं सरळ लिहिता आलं, कारण हे पत्र टपालात पडणार नाही. अहवालात ते वाक्य अजून नाही.