पोस्टात घेतलेले नाव

लालबाग,
ता. २३ फेब्रुवारी १९५६

शैलाच्या बाबांना कौसल्येचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. शैला गावी आजीजवळ मजेत आहे. गिरणी सुरू झाली. खोलीसाठी साठवलेले पैसे सुखरूप आहेत, काळजी नसावी.

सुखरूप असे मुद्दाम लिहिले, म्हणजे मध्ये काहीतरी झाले हे तुम्ही ओळखलेच असेल. दंगल पेटली, तुम्हाला मोर्चातून पकडून नेले, त्याच आठवड्यात बाबुराव वाणी दुकानाला कुलूप लावून गावी गेला. आपली सगळी ठेव त्याच्याकडे. तुम्हीच म्हणायचात, बँका साहेबलोकांसाठी, आपल्याला बाबुराव आहे! गिरणी सुटली की मी रोज ते कुलूप बघून यायची. खोली गेली, आता शैला कायमची गावीच राहणार, असे वाटून घास उतरत नव्हता.

पण माणूस प्रामाणिक निघाला. दंगल निवल्यावर आला आणि मागायच्या आत पैसे हातावर ठेवले. मी दुकानातच रडले. मात्र पुन्हा कुणाच्या कुलपावर जीव टांगायचा नाही असे ठरवले आणि शेजारच्या बकुळावहिनींना घेऊन पोस्टात खाते काढायला गेले.

आता रागावू नका. फॉर्म भरताना तिथल्या बाबूने नवऱ्याचे नाव विचारले. त्यासाठीच तर वहिनींना नेले होते! मी त्यांना कोपराने ढोसले, तर त्या पदर तोंडाला लावून म्हणतात, "अगो बाये, माका ह्या नाव घेवक जमाचा नाय. माझ्या सासऱ्याचा पण ह्याच!"

"शैलाचे बाबा," मी म्हटले.

"बाई, सरकारला शैला ठाऊक नाही."

मागून कोणी ओरडले, "ओ ताई, आटपा की! भोंगा होईल आता!"

मी डोळे मिटले आणि घेतले नाव. इतक्या मोठ्याने, की तारेच्या खिडकीवरचा माणूससुद्धा वळला. लग्नातल्या उखाण्यानंतर हे पहिल्यांदाच. पाकिटावर लिहिते तसे कागदावर लिहून दिले असते तरी चालले असते, हे घरी आल्यावर सुचले!

पासबुक ट्रंकेत ठेवले आणि एकदम आठवले. नाव घेतले की नवऱ्याचे आयुष्य कमी होते, असे आई सांगायची. तुम्ही डोक्यात लाठी खाऊन तुरुंगात, आणि मी हे करून बसले. तेव्हापासून पोस्टमन दिसला की मी दाराआड व्हायची.

काल तुमचे कार्ड आले. जखम भरली, होळीपर्यंत सोडतील! मी दोनदा वाचले आणि पोटभर जेवले. वहिनी हसून हसून दमल्या.

सुटून आलात की मी पुन्हा 'अहो'च म्हणेन. पण खरे सांगू? चुलीपाशी एकटी असले की ते नाव हळूच घेऊन बघते. बरे वाटते. तुरुंगातले साहेब पत्रे वाचतात म्हणे, वाचू देत.

पासबुकात आहे, तसेच खाली लिहिते.

तुमची,
सौ. कौसल्या रामदास तावडे